वरच्या बांधाच्या सहा ओळी

आधी माफी मागतो. मी शास्त्रज्ञ नाही. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एका खरीप हंगामापुरता शास्त्रज्ञांच्या मागे पाठीवर पंप घेऊन फिरलो. एवढ्यावर लिहायला बसणं बरोबर आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ज्यांनी लिहायला हवं त्या कृषी केंद्रातल्या मॅडम लिहिणार नाहीत, आणि ज्यांच्या शेतात हे घडलं त्या रुमलीबाईंना लिहिता येत नाही. म्हणून मी लिहितो. चुकलं तर समजून घ्या.

आम्ही मक्यात उभे होतो आणि आकडे उलटे येत होते.

मॅडम वाकून एकेका झाडाचा पोंगा उघडत होत्या. पोंगा म्हणजे मक्याच्या शेंड्याला कोवळ्या पानांची जी सुरळी असते ती. लष्करी अळी तिच्यात बसून खाते. पानांना भोकं पडतात आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी तिची विष्ठा साचते. मॅडम फक्त "आहे" किंवा "नाही" म्हणायच्या. मी खूण करायचो.

"नाही. नाही. नाही. आहे. नाही."

एरवी हे ऐकून बरं वाटलं असतं. पण आम्ही उभे होतो ते वरच्या बांधाकडच्या सहा ओळींत, आणि तिथे अळी असायला हवी होती.

चाचणी कशी असते ते सांगतो. शेताच्या एका भागाला औषध देतात. दुसऱ्या भागाला काहीच देत नाहीत. त्या दुसऱ्या भागाला आम्ही 'चेक' म्हणतो. औषध दिलेला भाग वाचला आणि चेक खाल्ला गेला, तर औषध लागू पडलं असं म्हणता येतं. चेक नसेल तर कोणीही विचारू शकतं की अळी आपोआपच गेली नसेल कशावरून? त्यामुळे चेकच्या ओळी मरू द्याव्या लागतात. वर्गात हे वाचताना मला काही वाटलं नव्हतं.

आमचं औषध म्हणजे एक बुरशी होती. पांढरट पावडर पाण्यात कालवून संध्याकाळी पोंग्यात फवारायची. हवेत ओल असली की ती अळीच्या अंगावर वाढते आणि अळी मरते. माणसाला, गुराला, कोंबडीला काही होत नाही. सातपुड्यात पावसाळाभर ढग खाली उतरलेले असतात, म्हणून मॅडमना खात्री होती की ही बुरशी डोंगरातच सगळ्यात चांगली चालेल. खाली दुकानात मिळणारी विषारी औषधं तळोद्याहून जीपने वर आणायची, आणि ज्या नाल्याचं पाणी प्यायचं त्याच्याच काठी ती फवारायची, हे त्यांना बघवत नव्हतं. चाचणी यशस्वी झाली तर पुढच्या खरिपात केंद्राकडून डोंगरातल्या पाड्यांना बुरशीची पाकिटं मिळणार होती. तसं ठरलं होतं. अडलं होतं फक्त पुराव्यावर.

डोंगरात आम्ही दोन शेतं घेतली होती. पहिल्या शेतकऱ्याने घाबरून सगळ्या शेतावर दुकानातलं औषध मारलं. त्याला दोष देता येत नाही. मग उरलं एकच शेत, रुमलीबाईंचं.

रुमलीबाई पावरा समाजातल्या. नवरा नाही, मुलगा गुजरातेत बांधकामावर, घरात सून आणि दोन लहान नातवंडं. तो मका म्हणजे त्यांची वर्षभराची भाकरी. विकायला त्यातलं काही जात नाही. त्या घरी पावरी बोलतात. तळोद्याच्या बाजारामुळे कामापुरती मराठी येते. मी नवापूरकडचा, चिंचपाड्याजवळचा. माझी घरची बोली वेगळी. त्यामुळे आमचं बोलणं मोडक्या मराठीतच व्हायचं, आणि अडलं की त्यांचा पुतण्या दित्यादादा मध्ये पडायचा. तो आश्रमशाळेत शिकलेला, आणि पाड्यावर आमच्या ओळखीचा पहिला माणूस.

"सगळ्यांत जास्त अळी चेकमध्ये हवी," मॅडम कंबर सरळ करत म्हणाल्या. "इथे तर औषधाच्या भागापेक्षाही कमी आहे. तू चुकून इथे फवारलं नाहीस ना?"

"नाही मॅडम. शपथ."

"शपथ नको. आठव."

मी आठवलं. फवारलं नव्हतं. तेवढ्यात घराकडून कोंबड्या आल्या. एकदम सगळ्या, पळत. औषधाच्या भागात एकही शिरली नाही. सरळ वरच्या बांधावर आल्या आणि सहा ओळींच्या तोंडाशी माना वर करून उभ्या राहिल्या. मागून रुमलीबाई आल्या, सोबत दित्यादादा. हातात पळसाच्या पानांचा द्रोण होता. आम्हाला बघून त्यांनी तो पाठीमागे घेतला.

आमच्या जीपचे ड्रायव्हर गोटूआबा बांधावर बिडी ओढत बसले होते. ते शहाद्याकडचे, अहिराणी बोलणारे. सगळ्यात आधी त्यांनाच समजलं. "मॅडम," ते म्हणाले, "आते कोंबड्यासले पगार द्या. त्या तुमनं काम करी ऱ्हायन्यात."

मॅडम हसल्या नाहीत. "मावशी, या ओळींना हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना?"

"तुम्ही सांगितलं औषध नको टाकू. नाय टाकलं," रुमलीबाई म्हणाल्या.

"पण अळ्या वेचल्या."

"वेचल्या. रोज वेचते. सून पण वेचते."

"का?"

हा प्रश्न त्यांना समजलाच नाही. त्यांनी दित्यादादाकडे पाहिलं. त्याने पावरीत सांगितलं. त्या बराच वेळ त्याच्याशी बोलल्या. मग दित्यादादा डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, काकी म्हणते, तुमचं औषध कमी पडलं. पंपातलं संपलं आणि या ओळी राहिल्या. तुम्हाला सांगायला लाज वाटली असेल. म्हणून तिने तुमचं उरलेलं काम केलं."

गोटूआबांनी बिडी दगडावर विझवली.

मॅडम बांधावर बसल्या. रुमलीबाईंनाही बसवलं. आणि हंगाम अर्धा संपल्यावर पहिल्यांदा त्यांना नीट समजावून सांगितलं, की या ओळी मुद्दाम सोडल्या होत्या. त्या खाल्ल्या गेल्या असत्या तर खाली दाखवता आलं असतं की बघा, औषधाशिवाय असं होतं. मग पुढच्या वर्षी सगळ्या पाड्याला औषध आलं असतं.

"घरात तीन पोरं असली," दित्यादादा म्हणाला, "तर दोघांना भाकर द्यायची आणि तिसऱ्याला चेक ठेवायचं. असं का मॅडम?"

"तसंच," मॅडम म्हणाल्या. त्यांनी वाद घातला नाही.

रुमलीबाईंनी विचारलं, "सहा ओळी मेल्या असत्या, तर औषध आलं असतं?"

"हो."

"सगळ्यांना?"

"हो मावशी."

"मग आधी असं सांगायचं ना!" त्या रागावल्या होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हा बारका सायेब रोज येतो, पानं उघडतो, भाकर खातो. हा पण नाय बोलला."

मी खाली बघितलं. माझी आई असती तर तिनेही त्या ओळी वेचल्याच असत्या. तिला कारण सांगितलं असतं तरी वेचल्या असत्या असं मला वाटतं. पण हे मी बोललो नाही.

जीप उतरत असताना मी मॅडमना विचारलं, "मॅडम, जे झालं तेच लिहिलं तर? की हाताने वेचूनही तेवढाच फरक पडतो?"

"हाताने वेचा हे आम्ही आधीपासून सांगतोच. त्यात नवीन काय?" त्या म्हणाल्या. "आणि सहा ओळी दोघीजणी वेचू शकतात. आख्खं शेत रोज वेचायला माणसं कुठून आणणार?"

"मग औषधाच्या भागात मेलेल्या अळ्या?"

"त्या आपल्याला दिसल्या. कागदावर फरक दिसत नाही."

हे सगळ्यात वाईट होतं. औषध चाललं होतं. पोंग्यात अळ्या पांढऱ्या पडून कडक झालेल्या सापडत होत्या, खडूच्या तुकड्यासारख्या. रुमलीबाईंनी त्या शेजाऱ्यांना नेऊन दाखवल्या होत्या. बायका लांबच्या पाड्यांवरून बघायला येत होत्या आणि मला विचारत होत्या, "आमच्याकडे कधी?" सगळ्या डोंगराला माहीत झालं होतं की हे लागू पडतं. फक्त आमच्याकडे त्याचा पुरावा नव्हता.

मॅडमनी खोटे आकडे लिहिले नाहीत. लिहिता आले असते. वर येऊन कोणी मोजणार नव्हतं. केंद्राच्या प्रमुखांसमोर त्या बसल्या तेव्हा मी फाइली घेऊन मागे उभा होतो.

"फरक दिसत नाही," सर म्हणाले.

"कारण चेक चेक राहिला नाही सर. त्यांनी हाताने वेचलं."

"म्हणजे प्लॉट रद्द."

"डोंगरात दुसरा प्लॉट नाही सर."

"मग डोंगराचा निकाल नाही." सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "मॅडम, मला वर उत्तर द्यावं लागतं. निकाल नसलेल्या गोष्टीची पाकिटं मी कशी मागू? पुढच्या वर्षी खाली घ्या. कळसाडीकडे बघा. तिथे सांगितलं तेवढंच करतात."

"तिथे मका विकायला असतो सर. सहा ओळी गेल्या तरी चालतं."

"मग बरंच आहे की."

"आणि हवा कोरडी असते. बुरशी तिथे तेवढी चालणार नाही."

"तर तसा निकाल येईल," सर म्हणाले, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

त्यानंतर मॅडमनी पुन्हा एकदा लिहून दिलं की डोंगरात आणखी एक हंगाम चाचणी घ्यावी. उत्तर आलं नाही. त्या कंत्राटावर होत्या. मुदत संपल्यावर त्यांना दुसऱ्या जिल्ह्यात काम मिळालं. जाताना म्हणाल्या, "तू परीक्षा चांगली दे." आणखी काय म्हणणार?

मक्याची कणसं खुडली तेव्हा मी शेवटचा वर गेलो होतो. मका बरा आला होता. वरच्या सहा ओळींतलाही. रुमलीबाईंनी कणसं भाजून दिली आणि पदराने धूर वारत विचारलं, "पुढच्या पावसात येणार ना?" मी "बघू" म्हणालो. मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. पाड्याचं नाव पुढच्या वर्षीच्या चाचण्यांच्या यादीतून गेलंय, हे मला कॉलेजात परतल्यावर कळलं.

यातून शिकलो ते एवढंच. ज्या शेतातून घरच्यांची वर्षाची भाकरी येते, त्या शेतात चेक ठेवू नये. ठेवायचाच असेल तर तो कशासाठी आहे हे पहिल्या दिवशी सांगावं, शेवटच्या नाही. हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय का म्हणून मी लायब्ररीत शोधलं. प्लॉटचा आकार किती असावा, ओळींत अंतर किती ठेवावं, सगळं आहे. हे सापडलं नाही.

यंदाच्या पावसाळ्यात मी दित्यादादाला पुष्कळदा फोन लावला. पाडा यादीत नाही हे त्याला सांगायचं होतं, म्हणजे कोणी वाट बघत बसू नये. पण पाड्यावर रेंज नसते. टेकडीच्या एका टोकावर जाऊन उभं राहिलं तरच लागते. मक्याची उगवण झाली, पोंगे आले, अळीचे दिवस सुरू झाले, तरी फोन लागला नाही. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "पत्र टाक." पत्र टाकलं. ते पोचलं की नाही, माहीत नाही.

मग परवा त्याचाच फोन आला. वारा जोरात होता, त्यामुळे तो ओरडून बोलत होता.

"अरे, कधी येताय तुम्ही? काकी रोज विचारते."

"दादा, मका कसा आहे?"

"खाल्लाय. वेचतोय जमेल तेवढा. पण तुमचं काम पक्कं केलंय तिने. वरच्या बांधाच्या सहा ओळींना यंदा कोणालाच हात लावू दिला नाही. सुनेला नाही, कोंबड्यांना पण नाही. काठी घेऊन बसते तिथे. सगळ्या ओळी संपल्या बघ. नुसत्या काड्या उभ्या आहेत. आणि तिचं बघून पाड्यावरच्या सगळ्यांनी सहा-सहा ओळी सोडल्यात. काकी म्हणते, बारक्या सायेबाला सांग, मेल्या सगळ्या. आता मोजायला ये."