भिंतीवरून दिलेली वाटी

पारोळ्याला आमच्या आणि शेजारच्या नानांच्या मागच्या अंगणात एकच सामाईक भिंत होती, कमरेएवढी. नानांच्या पेरूचा पाला आमच्या मोरीत पडायचा. एवढ्यावरून बाचाबाची झाली आणि मी ती भिंत दोन हात वाढवायला घेतली.

पहिले दोन थर ओले होते तेव्हाच नानांनी लाथ घालून ते पाडले. मी मिस्त्रीच्या हातातली थापी ओढली आणि नानांच्या खांद्यावर हाणली. त्यांनी मला गळा धरून वाळूत लोळवलं. माझा एक दात पडला. गल्लीने आम्हाला सोडवलं, पण माझा राग सुटला नाही. भिंत पुरी झाल्यावर मी वरच्या ओल्या सिमेंटमध्ये बाटल्यांच्या काचा स्वतःच्या हाताने रोवल्या.

आमच्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. भांडणाच्या आदल्या दिवशी नानांच्या बायकोने, अक्कांनी, भरीत पाठवलं होतं. आईने त्याच वाटीत शेवभाजी भरली, अक्कांना हाक मारली आणि ती धुण्याच्या दगडावर चढली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि काचांचं मी तिला सांगितलंच नव्हतं. आधारासाठी तिने भिंतीवर पंजा दाबून टेकवला.

तिच्या तोंडून किंकाळी निघाली. पलीकडून अक्कांनी विचारलं, "काय व्हयनं माय?"

आईने दुसऱ्या हाताने वाटी पलीकडे दिली. कोपरापर्यंत लाल झालेला हात माझ्यासमोर लोंबत होता.

"काही नाही अक्का," ती म्हणाली, "रस्सा सांडला."