व्याह्यांनी बसवलेलं कुलूप

माझ्या व्याह्यांइतका नुकसानकारक भला माणूस साऱ्या सुरत शहरात दुसरा नसेल. हे मी रागाने लिहीत नाही. राग यायची सोयच त्यांनी माझ्याकडे ठेवलेली नाही. मी खानदेशातून अंगावरच्या कपड्यांनिशी इथे आलो, बमरोलीत लूमवर उभा राहिलो, आणि आज त्याच बमरोलीत साड्यांना लावायच्या लेसचं माझं स्वतःचं दुकान आहे. हे सगळं मी दोन गोष्टींच्या जोरावर केलं, घासाघीस आणि आवाज. आधी घासाघीस, आणि तेवढ्याने भागलं नाही तर आवाज. सचिनच्या औद्योगिक वसाहतीतले कारखानदार मला फाटकातून येताना पाहिलं की आधी पाणी पितात आणि मगच भाव सांगतात. पण या एका माणसापुढे माझी दोन्ही हत्यारं निकामी होतात, कारण ते मुलाचे वडील आणि मी मुलीचा बाप. मुलीच्या सासऱ्यांशी घासाघीस करायची नसते आणि त्यांच्यावर आवाज तर अजिबात चढवायचा नसतो. मी नुसता मोठा श्वास घेतला तरी आमची सौ. मागून कुजबुजते, "हळू. व्याही आहेत ते."

लग्न ठरलं तेव्हा मी मानपानाच्या बोलणीची अशी तयारी केली होती, की तेवढ्या तयारीत दुसऱ्याने दुकान टाकलं असतं. ते काय मागतील, मी काय नाकारीन, कुठे उठून जायचा आव आणीन, सगळं मनात घोळवून ठेवलं होतं. हे गृहस्थ आले, चटईवर बसले आणि प्रत्येक गोष्टीला "चालेल" म्हणत गेले. आहेर नको, चालेल. हॉल तुमच्याकडचा, चालेल. जेवणात गोड एकच, "चालेल, मला तसंही साखरेचा आजार शे." उठून जायला मला जागाच मिळाली नाही. एवढी बिनविरोध जिंकलेली बोलणी मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. प्रत्यक्ष लग्नात तर मंगलाष्टकं सुरू झाली आणि वरपिता गायब. मी दातओठ खात शोधतोय, तर हे डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं आणि खिशात टेस्टर अशा थाटात शिडीवर उभे. मांडवाच्या दिव्यांची एक माळ मिचमिचत होती. "नवरानवरीच्या तोंडावर अंधार बरा दिसत नही, याही," ते वरून म्हणाले. व्याह्यांना आमच्या खानदेशात याही म्हणतात, आणि 'आहे'ला शे. मी खालून हसून मान डोलावली आणि मांडवाच्या मागे जाऊन डेकोरेशनवाल्याला फाडून खाल्लं.

तेव्हापासून हीच रीत पडली आहे. व्याह्यांवरचा राग मी दुसऱ्या कुणावर तरी काढतो. आमच्या कोपऱ्यावरचा पानवाला त्यापायी फार सोसतो.

पण माझं खरं दुखणं वेगळं होतं. वैशाली, माझी मुलगी, कॉलेजात असल्यापासून दुकान तीच चालवायची. मी सकाळी सचिनला माल आणायला जायचो आणि ती शटर उघडून गल्ल्यावर बसायची. कुठल्या खणात कुठली लेस आहे हे तिला डोळे मिटून माहीत होतं, आणि गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की ती माझ्यापेक्षा थंड डोक्याने "नाही परवडत, मावशी" म्हणायची. लग्न होऊन ती कतारगामला गेली आणि माझी सकाळ बंद पडली. सुरतच्या सुरतेत मुलगी, पण सासरची. मधे तापीचा एक फाटाही नाही, तरी तिला "दुकानावर येशील का?" असं विचारायची मला चोरी. बापाने मुलीला सासरहून कामाला बोलावलं, हे आमच्या माणसांत शोभत नाही. दोन नोकर ठेवून पाहिले. एकाने चावी हरवली. दुसऱ्याने हरवली नाही, पण तिची जोडीदारीण, म्हणजे दुसरी चावी, करून घेतली. शेवटी दुकान दुपारपर्यंत बंदच राहू लागलं. समोरचा दुकानदार माझी गिऱ्हाइकं हाताला धरून आत नेताना मला स्वप्नात दिसायचा.

म्हणून मी शटरला इलेक्ट्रॉनिक कुलूप लावायचं ठरवलं. बोट टेकवलं की उघडणारं, जोडीदारीण करता न येणारं. कतारगामला चहाला गेलो असताना हे मी बोलून गेलो, ती चूक. व्याह्यांनी उभा जन्म हिऱ्याच्या कारखान्यांत वायरमन म्हणून काढलाय. निवृत्त झाल्यावर त्यांनी आधी स्वतःचं घर, मग सगळी गल्ली नव्याने वायरिंग करून टाकली, आणि आता त्यांच्याकडे उघडायला एकही स्विचबोर्ड उरला नव्हता. त्यांचे डोळे असे चमकले की मला तिथेच कळलं, आता सुटका नाही. मी म्हणालो, "छे छे, व्याह्यांनी का हातात ड्रिल घ्यायचं? लोक काय म्हणतील?" ते म्हणाले, "तुमचं बरोबर शे," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिल घेऊन हजर झाले.

"तुमचं बरोबर शे" हे त्यांचं ब्रह्मास्त्र आहे. तेवढं म्हणून झालं की ते त्यांना हवं तेच करतात. मी म्हणालो, कुलूप उजव्या बाजूला बसवा. "तुमचं बरोबर शे," असं म्हणत त्यांनी उजव्या भिंतीला कान लावला, बोटाने टकटक केली, डॉक्टर पेशंटला करतो तशी. मग डाव्या भिंतीपाशी गेले, तिचंही ऐकून घेतलं आणि डावीकडे खूण केली. "ही हो म्हणते," ते म्हणाले. मी खुर्ची मागवली, तर ते पालथ्या बादलीवर बसले. भर बाजारात माझ्या मुलीचा सासरा बादलीवर बसलेला पाहून येणाजाणारा थबकायचा, आणि मी दर वेळी मोठ्याने म्हणायचो, "अहो, खुर्ची घ्या ना!" ते म्हणायचे, "तुमचं बरोबर शे," आणि बादली आणखी पुढे ओढायचे.

काम मात्र देवघरात पूजा मांडावी तसं चाललं होतं. शटर वरखाली सरकतं, म्हणून त्याला तार बांधायची नाही. कुलपाची पेटी आतल्या भिंतीला, तिचा दांडा शटरच्या तळपट्टीत. तिथून पाइपातून तार वर, दाराच्या कपाळावरून आडवी, मग मीटरपाशी. वीज गेली तर अडायला नको म्हणून वेगळी बॅटरी. बोट टेकवायची काच बाहेर, तिच्यावर धूळ बसू नये म्हणून पत्र्याचं छोटंसं छप्पर. तारा जोडताना ते मला शिकवत होते. "ही लाल म्हणजे जावई, याही. ही काळी म्हणजे सासू. दोघांशिवाय दिवा लागत नही, पण उघड्या अंगाने एकमेकांना लागू द्यायचे नही."

"आणि ही हिरवी?" मी विचारलं.

"ती मुलीचा बाप. कुणाचं काहीही अंगावर आलं तरी तिनं मुकाट्यानं जमिनीत न्यायचं."

पानवाल्याकडे एक फेरी मारून आलो.

एका दिवसाचं काम त्यांनी आठवडाभर पुरवलं. शेवटच्या सकाळी त्यांनी शटरचे जुने नकुचे ग्राइंडरने कापून टाकले, म्हणजे साधं कुलूप लावायची वाटही संपली, आणि मग मला म्हणाले, "या मालक, बोट द्या. आधी ते कुलपात नोंदवू." मी ऐटीत पुढे झालो. आजूबाजूचे दुकानदार जमले होते. बोट टेकवलं. आतून एका बाईचा गोड आवाज आला, "कृपया दोबारा कोशिश करें." दुसरं बोट टेकवलं, तिसरं, मग डावा हात. बाई ढिम्म. व्याह्यांनी माझा हात आपल्या रुमालाने पुसला. "बोट कपाळावर घासा, थोडं तेल लागू द्या." भर रस्त्यात मी कपाळावर बोट घासत उभा. "कृपया दोबारा कोशिश करें."

"अगं मालक आहे मी! माझ्या पैशाची आहेस तू!" मी ओरडलो. लोक हसले. व्याह्यांवर ओरडता येत नव्हतं. ती बाई सापडली.

व्याह्यांनी माझा तळवा उजेडाकडे धरला. लूमवर तुटलेले धागे जोडायचे तर चिमटीत दोन टोकं घेऊन पीळ द्यायचा, गाठ मारायची, आणि ती दिवसभर मारत राहायची. पुढे दुकानात लेस मोजायची तीही त्याच बोटांतून सरकवत. बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत झाली होती. रेघ म्हणून उरली नव्हती. एवढं सगळं ज्या बोटांनी उभं केलं, त्यांना माझंच दार उघडत नव्हतं.

"वैशूला बोलावू," व्याही म्हणाले.

"तिला कशाला? आमच्या सौ.चं बोट घ्या."

"यीनबाईंचे गुडघे दुखतात. त्या रोज कशा येतील?"

"आणि वैशू रोज येईल? सासरी असते ती!"

"सासर कुणाचं शे? माझंच ना?" ते शांतपणे हत्यारं पुसत म्हणाले. "घरात बसून पोरीचा जीव घुसमटतो, याही. परवा भाजीवाल्याशी इतकी घासाघीस केली तिनं, की तो आता आमच्या गल्लीत शिरतच नही. पण मी तिला कामाला धाडली म्हटलं तर लोक म्हणतील, सुनेच्या कमाईवर डोळा शे."

"आणि मी बोलावली तर मला काय म्हणतील?"

"तुम्ही सांगा ना, याह्यानं कुलूप वाईट बसवलं. माझं नाव घ्या. मला चालेल."

तासाभरात वैशू स्कूटीवरून आली. व्याह्यांनी तिचं बोट कुलपात नोंदवलं, शटर खाली ओढलं आणि तिने बोट टेकवलं. बाई काही न बोलता मुकाट बाजूला झाली आणि आत दांडा सरकल्याचा आवाज आला. शटर वर गेलं. वैशूने आत पाऊल टाकलं, खणांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आप्पा, ही काय दशा केलीय?" आणि पदर खोचला.

तेव्हापासून ती रोज येते. दुपारपर्यंत बसते, मग कतारगामला जाते. कुणी विचारलंच तर मी व्याह्यांच्या कामाला मनसोक्त नावं ठेवतो. एवढी मुभा मला लग्नातही मिळाली नव्हती. मध्यंतरी पलीकडच्या गल्लीत एकाने हेच कुलूप बसवून घेतलं. सहज पाहायला गेलो. त्याने काचेवर तळहात ठेवला, तर आतून आकडे उजळले. नंबर दाबूनही ते उघडतं. बोटं गुळगुळीत असलेल्यांसाठीच ती सोय असते म्हणे. मी दुकानात परत आलो, आमच्या काचेवर तळहात ठेवला. काळोख. कुणीतरी आतून ते बंद करून ठेवलं होतं. माझ्या धंद्याच्या आयुष्यात मला इतक्या सफाईने कुणी गुंडाळलं नव्हतं. पानवाल्याकडे गेलो, आणि उगाचच एक पान खाऊन परत आलो.

आता जावईबापूंना पुण्याला नोकरी लागली आहे. पुढच्या महिन्यात दोघं जातील. परवा सकाळी व्याही दुकानापाशी आले. मी बाहेर पायरीवर बसलो होतो. हल्ली सचिनला मी दुपारी जातो. ते शेजारी टेकले. मग काचेकडे बघत म्हणाले, "याही, ते नंबर चालू करून देऊ का आता?"

"कसले नंबर?" मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे बघत होतो.

"काही नही," ते म्हणाले. "जायला अजून वेळ शे."

आणि आम्ही दोघे बंद शटरला पाठ टेकून, कतारगामकडून येणाऱ्या स्कूट्या बघत बसलो.