देवमनची नक्कल

देवमन वानखडे तिवस्याचा. बाप पुंजाजी जन्मभर मजुरीला गेला, पोरगा मॅट्रिक झाला आणि अमरावतीच्या एका कचेरीत नक्कलनवीस म्हणून लागला. घरातले देव छपन्न सालच्या धम्मदीक्षेतच गेले होते. नावातला तेवढा राहिला. तेव्हापासून त्याला एक खोड जडली होती. कोणी कशालाही पवित्र म्हटलं, की हा विचारायचा, "काहून?"

नक्कलखान्यात पवित्र गोष्ट एकच होती, हेडक्लार्क भगवंतरावांचा नियम. नक्कल म्हणजे पुरी नक्कल. मूळ कागदात दुसऱ्या कागदाचा उल्लेख आला, की तिथंच थांबायचं, तो कागद अख्खा उतरवायचा, मग पुढची ओळ. वीस वर्षं हा नियम सुखानं चालला, कारण वीस वर्षांत एका कागदाच्या पोटात दोनाहून जास्त कागद कधी निघालेच नव्हते.

बासष्टच्या मे महिन्यात, एका सोमवारी, भातकुलीच्या पार्वताबाई आल्या. शेजाऱ्यानं त्यांची पांदण, शेतात बैलबंडी न्यायची वाट, नांगरून टाकली होती. जुना फेरनिकाल बाईंच्या बाजूचा होता. एका पानाचा. त्याची नक्कल हवी होती.

"उद्या या, बाई," देवमन म्हणाला आणि लिहायला बसला.

चौथ्याच ओळीत आलं, 'सोबतचा पाहणी अहवाल पाहा.' त्यानं अर्धं पान स्टुलावर पालथं घातलं आणि अहवाल घेतला. अहवालात पटवाऱ्याचा पंचनामा निघाला. अर्धा अहवाल पालथा. पंचनाम्यात जबाब निघाला, जबाबात आणखी एक जबाब. स्टुलावर अर्ध्या पानांची चळत चढत गेली. बुधवारी खिडकीतून लूचा तापलेला वारा आला आणि सगळी चळत जमिनीवर. कोणत्या कागदाच्या कोणत्या ओळीतून आपण खाली उतरलो होतो, हे काही केल्या आठवेना. पुन्हा पहिल्यापासून.

शुक्रवारी तो तळाला पोचला. तिथं सगळ्यात जुना, मूळ निकाल होता आणि त्याच्या समासात कोणीतरी नंतर लाल शाईनं लिहिलं होतं, 'फेरनिकाल पाहा.' देवमननं नियमाप्रमाणे फेरनिकाल घेतला, तीन ओळी उतरवल्या, आणि टाक थांबला.

"अबे, हे तं मी सोमवारी लिवलं!"

खिडकीशी पार्वताबाई उभ्याच होत्या. "काहून जी, एका पानाले पाच दिवस? माह्या सुनेचं बाळंतपण याहून लवकर आटोपलं."

देवमन भगवंतरावांकडे गेला. "साहेब, हे कागद एकमेकाच्या पोटात शिरून गोल फिरून राहिले. नियमानं गेलो तं मी रिटायर होईन, पण बाईचं पान नाही होणार."

"नियम आहे."

"काहून?"

भगवंतरावांचे कान लाल झाले. "बाजूला हो. मी दाखवतो." ते स्वतः बसले. शनिवार गेला. सोमवारी दुपारी ते पाहणी अहवालावर दुसऱ्यांदा पोचले तरी टाक चालूच. देवमन शेजारी विडा चघळत होता. मंगळवारी ते अडखळले.

"हा मजकूर ओळखीचा वाटतो."

"तुमीच शनिवारी लिवला, जी. अक्षर पाहा ना."

भगवंतरावांनी टाक खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "आता कसं करायचं?"

"पयले सगळ्या कागदाइले नंबर द्या. एक कागद एकदाच उतरवाचा. पुन्हा आला तं निसतं लिवाचं, 'नंबर दोन पाहा.' अन् तीन कागदाच्या खाली उतराचंच नाही, निसतं नाव टाकाचं. कोणाले पायजे असंल तं तो मांगंल."

"तीनच का?"

"चौथा ठेवला का स्टुलावरून पडते, जी."

त्याच संध्याकाळी नक्कल तयार झाली. पार्वताबाईंनी गठ्ठा हातात घेतला, वरचं एक पान काढलं, बाकीचे कागद परत केले. "मले एवढंच पायजे होतं." पंधरा दिवसांत पांदण मोकळी झाली.

पुढं कचेरीत तीच रीत पडली. नवा कारकून आला, की भगवंतराव त्याला दिवेलागणीपर्यंत बसवून समजावून सांगत, "ही माझी पद्धत." देवमनला हे कळलं तेव्हा तो दोन दिवस घरात धुसफुसत होता. बायको शालू भाकरी थापता थापता हसली.

"नाव घेऊ द्या त्याइले," ती म्हणाली. "साडेपाचले घरी कोण येऊन राहिलं, तुमी का ते?"