काळा पट्टा कुणाच्या डोळ्यात

"फिल्टर कपॅसिटर सुकलाय," मी सांगून टाकलं.

लालबागच्या एका चाळीतल्या खोलीत मालिकेचं शूटिंग अडकलं होतं. सीनमध्ये जुना, पिक्चर ट्यूबचा टीव्ही चालू दिसायला हवा होता. प्रॉडक्शन मॅनेजर देसाईंनी मला बोलावून कॅमेऱ्याचा मॉनिटर दाखवला. त्यात टीव्हीच्या चित्रावरून एक काळा पट्टा हळूहळू खाली सरकत होता. चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय, असला पट्टा मी झोपेत ओळखतो. फिल्टर कपॅसिटर म्हणजे विजेचे चढउतार सपाट करणारा छोटा डबा. तो सुकला की पट्टा येतो.

"म्हणजे सेटच खराब?" देसाईंनी विचारलं.

"हो."

टीव्ही आणला होता आर्ट डिपार्टमेंटच्या सायलीने, वरळी कोळीवाड्यातल्या मामाच्या माळ्यावरून. तिचं हे पहिलंच काम. "काका, चांगला आहे ओ टीव्ही. मी सकाळपासून बघतेय," ती म्हणाली. मी हसलो. देसाई हसले नाहीत.

"दोन तास खोटी झालीय तुझ्यामुळे. घरी जा. उद्यापासून येऊ नकोस."

ती बॅग उचलून गेली. मला तेव्हा काहीच वाटलं नाही, मी मागचे स्क्रू काढत होतो.

कपॅसिटर बदलला. मॉनिटरवर पट्टा तसाच. काढलेला कपॅसिटर मीटरवर लावला, तर ठणठणीत. माझा चेहराच पडला. चहा आला म्हणून खाटेवर टेकलो आणि पहिल्यांदाच मॉनिटर सोडून टीव्हीकडे बघितलं. चित्र एकदम स्वच्छ.

ट्यूबवर अख्खं चित्र एका वेळी नसतंच. इलेक्ट्रॉनचा झोत ते ओळीओळीने काढतो, सेकंदाला पन्नास वेळा वरून खाली. आधीचे लोक भोकांची तबकडी गरागरा फिरवून चित्र पाठवायचे. मग अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याच्या पोराला नांगरलेल्या सऱ्या बघून हे झोताने ओळी काढायचं सुचलं, असं सांगतात. पुढे एका बड्या कंपनीने त्याच्या शोधावर हक्क सांगितला, तेव्हा त्याचे शाळेतले मास्तर त्याच्या बाजूने साक्षीला उभे राहिले.

आपला डोळा आळशी, त्या ओळी जोडून घेतो. कॅमेऱ्याची गती टीव्हीशी जुळली नाही, तर तो अर्धवट चित्र पकडतो. तोच हा पट्टा.

"कॅमेरा कितीवर आहे?" मी कॅमेरामनला विचारलं. त्याने जन्मात ट्यूब शूट केली नव्हती.

"सेकंदाला चोवीस फ्रेम."

"पंचवीस कर. शटर पन्नासवर ठेव, टीव्हीच्या पन्नासाशी जुळेल."

पट्टा गेला.

"वा काका! कपॅसिटरचाच लोचा होता तर," बाहेरून आत येत देसाई म्हणाले. सगळं युनिट माझ्याकडे कौतुकाने बघत होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. खरं सांगतो, क्षणभर तसा मोह झालाही.

"टीव्ही पहिल्यापासून चांगला होता," मी म्हणालो. "पोरगी खरं बोलत होती. मी न बघताच खराब म्हटलं. फोन लावा तिला."

देसाईंनी तोंड वाकडं करत लावला. ती दादरला पोचली होती. अर्ध्या तासात परत आली. मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. लाज वाटली, पण मागितली.

सायलीने टीव्हीवरची धूळ पुसली. "तुम्हाला टीव्ही बघायलाच बोलावलं होतं ना, काका?" ती म्हणाली. "मग बघायचा ना."