मरियमचं फूल

फूल म्हणण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मुठीएवढा वाळका, करडा गोळा, काड्या सगळ्या आत वळलेल्या. अरबस्तानातल्या वाळवंटात उगवणारं ते रोप. पण जयगडच्या आमच्या खाडीकाठी बायका त्याला मरियमचं फूल म्हणत. मोहल्ल्यातल्या एका म्हातारीच्या नवऱ्याने ते हजहून आणलं होतं, आणि कुणाकडेही बाळंतपण आलं की जातपात न बघता ते त्या घरी जायचं. अडलेल्या बाईच्या उशाशी पाण्यात ठेवायचं. ते उमलेल तशी बाई मोकळी होते, असा पक्का समज.

तीस सालाच्या आधीची गोष्ट. माझी थोरली बहीण, आक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहाटेपासून कळा देत होती. मोहल्ल्यातून आणलेलं फूल तिच्या उशाशी पाण्याच्या वाडग्यात ठेवलं होतं. उन्हं वर आली तरी सुईण गप्प. एरवी ही बाई झोपेतही बडबडायची. तिचं ते गप्प बसणं मला मुळीच आवडलं नाही.

वडिलांनी रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे न्यायला होडी ठरवली. ओहोटीच्या आत निघायला हवं होतं, नाहीतर होडी चिखलात बसणार. होडीचा तांडेल अंगणात येऊन दोनदा हाक मारून गेला.

इतक्यात वाडग्यातली एक काडी हलली. मग दुसरी.

"अहो, सुटलं बघा फूल!" आई ओरडली. "आता कुठे हलवता हिला? वाटेतच मोकळी व्हायची."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वडिलांनी होडी परत पाठवली. याचा मला अजून संताप येतो. घरात एवढी शहाणी माणसं, पण एकालाही सुचलं नाही की ते झाड केव्हाच मेलंय. पाणी लागलं की ते उघडतं. कुणाच्याही घरी उघडतं.

पाणी उतरलं, खाडीचा चिखल उघडा पडला. वाडग्यात काड्या कोळ्याच्या पायांसारख्या पसरत चालल्या. मला तिकडे बघवेना.

दुपारी आक्काने डोळे उघडले. "पुरतं उमललं काय गो?"

"हो आक्का, पुरतं."

ती हसली. "मग एक जुनेर काढून ठेव. बाळाला गुंडाळायला हवं."

मी धावत जाऊन पेटीतलं मऊ लुगडं काढलं. परत आले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. बाळ पोटातच राहिलं होतं. सुईणीने माझ्या हातातलं जुनेर घेतलं आणि आक्काच्या तोंडावर ओढलं.