टेलरकडचा कुबसा

दवाखान्याने सातव्या महिन्यातच एक छापील यादी हातात दिली होती. वर बाळाचं सामान, खाली आईचं. आईच्या सामानात पहिलीच ओळ होती: पुढून उघडणारे गाऊन, तीन. हातात यादी आली की मला बरं वाटतं. घरात नुसतं मीठ संपलं तरी आधी कागद शोधणारी बाई मी. त्यामुळे गाऊन निवडायला मी पुरता आठवडा घेतला.

शेवटी ऑनलाइन मागवले. दोन्ही बाजूंना लपवलेली चेन, बाहेरून साधाच गाऊन दिसणार, कुणी भेटायला आलं तरी अडचण नाही. आल्यावर मी एकेक घालून आरशासमोर उभी राहिले आणि उशी बाळासारखी धरून एका हाताने चेन उघडता येते का ते पाहिलं. येत होती. नवरा म्हणाला, "उशीचं पोट भरलं का?" मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. वर्षभर साड्यांच्या दुकानाचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाने कपड्यांतलं मला सांगू नये, असं मला तेव्हा वाटत होतं.

पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी, कुर्डुवाडीला व्हायचं होतं. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. तिचं तिलाच उठता येईना, ती माझं काय करणार? मग सोलापुरातच राहायचं ठरलं आणि मंद्रूपहून सासूबाई येणार असं ठरलं. त्यांना घरात सगळे अव्वा म्हणतात. मीही.

अव्वांचं घर कन्नड बोलणारं. मराठी येतं, पण ते बाहेरचं. मनातलं सगळं कन्नडमध्ये. मला कन्नड कळत नाही, आणि कळत नाही हे कबूल करायला मला मुळीच आवडत नाही. त्यामुळे त्या काही बोलल्या की मी हसून "हौदु" म्हणायचे. हौदु म्हणजे हो. या एका शब्दावर मी तीन वर्षं संसार रेटला होता.

सातव्या महिन्यात मंद्रूपच्या घरी माझा कुबसा झाला. आमच्याकडे डोहाळजेवण, त्यांच्याकडे कुबसा, एवढंच मला ठाऊक होतं. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, पाचसहा बायकांनी भरलेली ओटी. अव्वांनी ओटीत एक हिरवा सुती खण घातला आणि माझा हात धरून तीनचार वाक्यं कन्नडमध्ये बोलल्या. त्यात 'कूसु' म्हणजे बाळ, एवढं कळलं. मी म्हणाले, "हौदु."

सोलापूरला आल्यावर ओटीतले सगळे खण मी कपाटातल्या पिशवीत टाकले. ही पिशवी प्रत्येक घरात असते. कुणाकडून आलेला ब्लाउज पीस कुणाच्या तरी ओटीत घालायचा, शिवायचा कुणीच नाही. तो हिरवा खण दोनच आठवड्यांत मी खालच्या मजल्यावरच्या काकूंना दिला. त्या शुक्रवारच्या हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला आल्या होत्या, आणि ओटी न भरता कसं पाठवायचं?

नववा लागल्यावर अव्वा आल्या. एसटीतून उतरून पाणी प्यायच्या आधी त्यांनी माझी दवाखान्याची पिशवी उघडून बघितली. गाऊनची चेन दोनदा वरखाली केली. मग विचारलं, "कुबसा घेतलास का?"

मला वाटलं, फोटो विचारताहेत. मी म्हणाले, "मोबाईलमध्ये आहेत सगळे."

नवरा सोफ्यावर लोळत होता तो उठून बसला. "अगं, कुबसा म्हणजे चोळी," तो म्हणाला. "कार्यक्रमाला नाव त्यावरून पडलंय. बाळंतिणीने घालायची चोळी देतात म्हणून कुबसा. अव्वानं दिला होता की तुला खण. सैल शिवून घे, पुढं गाठीचा, दवाखान्यात लागेल म्हणून सांगितलं होतं. तू हो म्हणालीस."

हिरवा खण आता खालच्या काकूंकडे होता.  चूक तिथेच कबूल करता आली असती. पण मी म्हणाले, "टेलरकडे दिलाय. मिळेल दोन दिवसांत."

अव्वांनी गाऊन घडी करून परत पिशवीत ठेवला. मग "बरं" म्हणाल्या.

त्यानंतर दर दोन दिवसांनी त्या विचारायच्या, "टेलरनं दिला का?" आणि मी टेलरला वाटेल ते आजार लावायचे. कधी त्याचा हात दुखायचा, कधी त्याच्याकडे लग्नसराई. खाली जाऊन काकूंना खण परत मागायचं माझ्या दहा वेळा मनात आलं, पण दिलेली ओटी परत कशी मागणार? दुपारी अव्वा गॅलरीत उन्हाकडे पाठ करून काहीतरी हिरवं शिवत बसायच्या, हातानेच. त्या स्वतः कायम गाठीचीच चोळी घालतात, म्हणून मला वाटलं स्वतःसाठी शिवताहेत. मी नीट बघितलंसुद्धा नाही. खोटं बोलणारा माणूस समोरच्याच्या हाताकडे बघत नाही, हे मला आता कळलंय.

मग सिझर झालं. यादीत ते नव्हतं.

मुलगी झाली. एप्रिलचा महिना, आणि आमच्याकडचा एप्रिल काय असतो ते सांगायला नको. गाऊनवर 'शंभर टक्के सुती' लिहिलेलं, पण तासाभरात तो पाठीला चिकटून बसला. डाव्या हाताला सलाईन, उजव्या हातात बाळ, आणि चेन उघडायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. उशीने कधी मान वळवली नव्हती. ही वळवायची. त्या फटीतून तिचं तोंड आत घ्यावं, तर कापड तिच्या नाकावर पडायचं, चेन गालाला टोचायची, आणि आत काय चाललंय ते मला दिसायचंच नाही. ती रडायची. मग मी रडायचे.

पहिल्या संध्याकाळी अव्वा म्हणाल्या होत्या, "कुबसा घालतीस का?" पुन्हा टेलरचाच विषय काढताहेत असं वाटून मी वैतागून म्हणाले, "माझे गाऊन आहेत ना, अव्वा." 

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाळाचं वजन बघून म्हणाल्या, "अंगावर नीट पीत नाहीये ही. उद्या सकाळपर्यंत बघू. नाहीतर वरचं दूध सुरू करू. त्यात काही बिघडत नाही."

काही बिघडत नाही हे मलाही माहीत होतं. ऑफिसातल्या दोघींची मुलं वरच्या दुधावरच गुटगुटीत झाली आहेत. पण मला ते ऐकून आपण नापास झालो असं वाटलं. माझी यादी, माझे तीन गाऊन, माझी उशी, आणि एवढंसं पोर उपाशी. तिसऱ्या दिवशी सकाळचा चहा मी तसाच थंड होऊ दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

अव्वा खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर पोरगी. "टेलरकडनं आणायला लावू का?" त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याला सांगते. दुकान कुटं हाय?"

मी भिंतीकडे बघतच म्हणाले, "टेलर नाहीये, अव्वा. खण मी देऊन टाकला. खालच्या काकूंना. मला कळलंच नव्हतं तुम्ही काय म्हणालात ते. मी खोटं बोलले."

 मग पिशवीची कडी वाजली.

"मला ठावं हाय," अव्वा म्हणाल्या.

मी मान वळवली. त्यांच्या हातात हिरवी चोळी होती, पुढे दोन लांब बंद सोडलेली. त्यांनी आतलं टोक उलटून दाखवलं. कडेला काळ्या दोऱ्याचे दोन टाके होते.

"नजर लागू ने म्हून मीच घातलेले," त्या म्हणाल्या. "मी आले त्या दिशी खालच्या बाईनं मला बोलावलं, ओटी भरली. ह्योच खण. बघितला नि वळखला."

म्हणजे माझ्या ओटीतून काकूंच्या ओटीत, तिथून अव्वांच्या. कपाटातल्या पिशव्यांचं गणित पहिल्यांदाच बरोबर सुटलं होतं. आणि ही बाई पंधरा दिवस गॅलरीत बसून तोच खण शिवत होती, आणि टेलरच्या दुखऱ्या हाताची चौकशी करत होती.

मला हसू यायला हवं होतं. आला तो राग. मी म्हणाले, "दोन दिवस पोरगी रडतेय, आणि तुम्ही पिशवीत घेऊन बसलात?"

"इचारलं की तुला. गाऊन हायत म्हनलीस," अव्वा म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माजंबी चुकलं. वाट बघत बसले, तू सांगशील म्हून. लेकराच्या पोटाशी हट्ट करू ने."

त्यांनी पडदा ओढला. सिस्टरला बोलावून सलाईनचा हात गाऊनमधून काढला आणि चोळीत घातला. चार वेळा धुऊन तिची सगळी खळ काढलेली होती. अंगाला लागली तरी लागल्यासारखी वाटेना. खाली परकर नको, नाडी नेमकी टाक्यांवर येते, म्हणून नवऱ्याची चौकड्याची लुंगी पोटाच्या वर सैल गुंडाळली. वर मंद्रूपचा खण, खाली लुंगी. सिस्टर तोंडाला हात लावून हसली. मला काही वाटलं नाही. दोन दिवसांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता येत होता.

अव्वांनी गाठ सोडली आणि पोरीला उघड्या अंगावर ठेवलं. ना चेन, ना फट. तिचं नाक, ओठ, हनुवटी, सगळं मला दिसत होतं. ती चाचपडली, एकदा सुटली, पुन्हा चाचपडली. मग तिने धरलं. गिळल्याचा आवाज आला. मी ढसाढसा रडले, आणि अव्वांनी माझे डोळे पुसायच्या ऐवजी माझ्या पाठीखाली उशी सारली. तीच जास्त गरजेची होती.

वरचं दूध लागलं नाही. पाचव्या दिवशी घरी आलो, मी त्याच वेषात. फोटोसाठी आणलेला मरून कुडता पिशवीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी खालच्या काकू बाळ बघायला आल्या. त्या आधी बाळाकडे बघत होत्या, मग माझ्या चोळीकडे बघायला लागल्या. काकू पूर्वी शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात होत्या, कापड त्यांच्या नजरेतून सुटत नाही. "खण ओळखीचा वाटतोय," त्या म्हणाल्या. बोलल्यावर त्यांच्याच लक्षात आलं असावं, कारण त्यांचा चेहरा पडला. तू दिलेला खण तुझ्याच सासूच्या ओटीत घातला, असं त्या मला कसं सांगणार? आणि अव्वांनी दिलेला खण तुम्हाला दिला, असं मी तरी कसं सांगणार? आम्ही दोघी बाळाच्या टोपीकडे बघायला लागलो.

अव्वा खाली मान घालून लसूण सोलत होत्या. "मंद्रूपच्या बाजारातला हाय," त्या म्हणाल्या. "मीच घेतला, मीच शिवला."

यात एक शब्द खोटा नव्हता. काकूंच्या जिवात जीव आला. त्या पुढे सरकल्या आणि सवयीने चोळीची कड उलटून शिवण बघू लागल्या. दोन्ही बाजूंना, शिवणीच्या आत, दोन दोन बोटं जादा कापड सोडलेलं होतं. अंग भरलं की उसवून सैल करायला. मी चार दिवस ती चोळी घालत होते आणि ते पाहिलं नव्हतं.

"आत माया भरपूर सोडलीय हो," काकू ते जादा कापड चिमटीत धरून म्हणाल्या.

"हौदु," मी म्हणाले. या वेळी कशाला हो म्हणतेय, ते मला कळत होतं.