गाण्यातला वारा आणि बाबारावची सुडी

माझ्या मुलीच्या प्री-वेडिंग व्हिडिओत मी नव्हतो. म्हणजे नसायचं, असं ठरलं होतं.

मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासतो. शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळायच्या आणि किती उगवल्या ते मोजायचं. या नोकरीपायी मला कुठलीच गोष्ट नुसती बघता येत नाही. पल्लवीचं लग्न ठरलं, व्हिडिओचं निघालं, तेव्हा मी मोबाईलवर हल्लीची शंभर गाणी लावली आणि वही घेऊन बसलो. (बसलो हे आपलं म्हणायचं. एका जागी टिकणं माझ्या पत्रिकेत नाही; सगळी गाणी घरभर येरझारा घालत पाहिली.)

निष्कर्ष मोठे होते. नायिकेचे केस कायम उडतात, पण शेजारच्या झाडाचं पान हलत नाही; म्हणजे गाण्यातला वारा माणूस बघून वाहतो. नायकाकडे गाडी असते, पण तो आत न बसता बॉनेटवर बसतो. दोघं एकमेकांकडे संथ पळत सुटतात आणि पोचायच्या आत गाव बदलतं, कपडेसुद्धा! आणि मागे कुणीतरी उगाच जीव तोडून नाचत असतं. ही माणसं कोण? का नाचतात? यांना बोलावलं कुणी? शंभर गाणी पाहूनही पत्ता लागला नाही. ते तीन रकाने कोरे राहिले.

"पप्पा, तुम्ही येऊ नका," पल्लवी शूटिंगच्या आदल्या दिवशी म्हणाली.

"का? माझा अभ्यास झालाय!"

"म्हणूनच." मग तिचा आवाज एकदम उतरला. "साखरपुड्यापासून अमोल एकदा बी हसला न्हाई पप्पा. फोनवर 'जेवलीस का' विचारतो अन् ठेवतो. उद्या दिवसभर सोबत राहून बी हसला न्हाई, तर मंग मला विचार करावा लागंल."

विचार! मंगल कार्यालय ठरलेलं, पत्रिका छापायला गेलेल्या! एरवी मी स्वस्थ बसलो नसतो, आता तर बसणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वहीसकट वाटूरला हजर. शेत माझ्या चुलतभावाचं, बाबारावचं. एका अंगाला पिवळाधमक झेंडू, दुसऱ्या अंगाला नुकतंच सोयाबीन काढलेलं. पल्लवी लांब शेपटाच्या केशरी गाऊनमध्ये उभी, आणि शेजारी होणारे जावई, आधार कार्डाच्या फोटोला बसावं तसे.

"सर, जरा हसा ना!" फोटोग्राफर म्हणाला.

"हसूनच राह्यलो," अमोलराव म्हणाले.

पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पत्रिकांचा आख्खा गठ्ठा होता.

त्यात वारा ठार बंद. फोटोग्राफरने पंखा आणला होता, पण शेतातली लाईट गेल्ती. गाऊनचं शेपूट ओल्या गोधडीसारखं पडून होतं.

"शंभरातल्या अठ्ठ्याण्णव गाण्यांत वारा आहे!" मी वही नाचवली.

"पप्पा, वही ठेवा."

वही ठेवली, पण डोकं कुठे ठेवणार? बांधापलीकडे सोयाबीनची सुडी, म्हणजे कापलेल्या पिकाची रचलेली रास, आणि तिच्याशेजारी ट्रॅक्टरला जोडलेलं मळणी यंत्र दिसलं. धान्य न टाकता ते चालवलं, तर भुस्कट फेकणाऱ्या तोंडातून नुसता वारा! मी पळत गेलो.

"बाबाराव, यंत्र इकडं तोंड करून चालव. पण रिकामं! बिलकुल रिकामं!"

"बराबर, दादा."

आणि काय सांगू! गाऊन उठला, केस उडाले. अमोलरावांचे केससुद्धा हलले, आणि त्यांनी तर चांगलं चापून तेल लावलं होतं. "एक नंबर, सर!" फोटोग्राफर ओरडला. माझी छाती फुगली.

तेवढ्यात वारा तपकिरी झाला.

मी मागे वळून पाहिलं. बाबाराव सोयाबीनच्या पेंढ्या कवेत घेऊन यंत्रात कोंबत होता!

"आरं, रिकामं म्हनलो व्हतो ना!"

"डिझल जळूनच राह्यलं व्हतं दादा! मंग म्हनलं, उरलेली सुडी बी काढून घ्यावी!"

चूक माझीच. चालू यंत्र रिकामं ठेवणं आमच्या सात पिढ्यांत कुणाला जमलेलं नाही.

यंत्र बंद करायला मी झेंडूतून धावलो, ते थेट भुस्कटाच्या तोंडासमोर! कॉलरमधून, बाह्यांतून ते आत शिरलं. सोयाबीनचं भुस्कट अंगावर घेतलेल्या माणसाला त्याची खाज सांगायला नको. एक हात पाठीवर, एक काखेत, एक पाय वर, मी गरगर फिरत होतो, "बंद कर! बंद कर!" ओरडत होतो. ट्रॅक्टरच्या आवाजात बाबारावला काही ऐकू येईना. त्याने मला खुशीत हात केला.

मग माझ्यामागे कुणीतरी खो-खो हसलं.

अमोलराव! झेंडूत फतकल मारून, पोट धरून हसत होते. "मामा... आणखी एकदा करा ना!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं बिचाऱ्यांच्या. केसांत भुस्कट भरलेली पल्लवी आधी त्यांच्याकडे बघतच राहिली, मग तीही शेजारी बसली आणि हसत सुटली. ते तिच्या केसांतली एकेक काडी वेचू लागले. मला अंगभर खाज सुटली होती, आणि त्याच वेळी रडू येत होतं. इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

हळदीला व्हिडिओ लागला. फोटोग्राफरने बाकीचं सगळं काढून तेवढंच ठेवलं होतं, तेही स्लो मोशनमध्ये. पुढे दोघं हसतायत, आणि मागे जरासा अस्पष्ट, पन्नाशीचा एक गृहस्थ जीव तोडून नाचतोय.

"अन् मागं कोन हाय हो त्यो?" विहीणबाईंनी विचारलं.

"आम्ही न्हाई ओळखत," आमची ही शांतपणे म्हणाली.

घरी येऊन मी वही उघडली आणि कोरे रकाने भरले. ही माणसं कोण? नवरीचा बाप. का नाचतात? शर्टात भुस्कट. बोलावलं कुणी? कुणीच नाही, उलट, येऊ नका म्हणून आदल्या दिवशी बजावलेलं असतं.